वीरगळ सिमेंटात गाडू नका, आधी एकदा वेल्डिंगच्या दुकानात जाऊन या

थोडं मोठं लिहितोय. पण गेलं वर्षभर हे मनात आहे आणि यात चूक माझीही आहे, म्हणून सविस्तरच लिहितो. वेळ काढून वाचा.

सात-आठ वर्षांपूर्वी मी एक बातमी दिली होती. ‘युवकांनी जपला इतिहासाचा वारसा’ असं ठळक शीर्षक, तीन कॉलम, सोबत फोटो. करकंबपासून फार लांब नाही असं ते गाव. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण त्या पोरांना आज कुणी नावं ठेवावीत असं मला वाटत नाही. मंदिराच्या मागं, उकिरड्याच्या कडेला तीन वीरगळ पडलेले होते. पोरांनी शिवजयंतीच्या आधी ते उचलले, धुतले, मंदिरासमोर विटांचा कट्टा बांधला, सळया घातल्या आणि तिन्ही दगड सिमेंटात पक्के बसवले. वरून ऑइल पेंट. घोड्याला पांढरा, ढालीला लाल, चंद्र-सूर्याला सोनेरी. वर्गणी काढून, रात्री जागून केलेलं काम होतं. मी फोटो काढला, चहा घेतला, बातमी लावली. कौतुक झालं. पोरांचंही आणि माझंही.

गेल्या उन्हाळ्यात गटारीचं काम निघालं आणि कट्टा आडवा आला. दगड काढून बाजूला घ्यायचे ठरले. पण सिमेंट सोडेना. पहार लावली, मग जेसीबीचा दात लावला. दोन दगड कसेबसे निघाले. तिसरा मोडला. त्याच पोरांपैकी एकाचा रात्री फोन आला, “दादा, दगड मोडला ओ.” आवाजावरून कळत होतं, बातमीसाठी केलेला फोन नव्हता तो.

सकाळी गेलो. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. वीरगळ म्हणजे गावासाठी, गुरांसाठी, धन्यासाठी लढताना मेलेल्या माणसाचा दगड. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत अप्सरा त्या वीराला स्वर्गात घेऊन चालल्यात, वरच्या चौकटीत तो शिवलिंगाची पूजा करतोय आणि सगळ्यात वर चंद्र-सूर्य. म्हणजे चंद्र-सूर्य असेपर्यंत याची आठवण राहील. आमचा दगड बरोबर मधल्या चौकटीत तुटला होता. वीर स्वर्गाच्या वाटेवरच अडकला.

असं का झालं? सिमेंटनं दगडाचा पाय घट्ट धरला आणि वरून पहारीचा जोर आला. शेकडो वर्षं ऊन-पाऊस खाल्लेल्या दगडात कुठंतरी बारीक भेग असतेच, तो तिथं गेला. आत घातलेल्या सळयाही गंजल्या होत्या. लोखंड गंजलं की फुगतं, जागा मागतं आणि शेजारच्या दगडाला आतून फोडतं. ही अडाणी गावाची चूक आहे असं समजू नका. ग्रीसमध्ये अथेन्सच्या ॲक्रोपोलिसवर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला निकोलाओस बालानोस नावाच्या इंजिनिअरनं पार्थेनॉनचे दगड लोखंडी आकडे घालून जोडले होते. ते गंजले आणि संगमरवर फुटायला लागला. पुढच्या पिढ्यांनी ते आकडे काढून टायटॅनियमचे घातले, ते गंजत नाही. खुद्द जुन्या ग्रीक कारागिरांनी मात्र लोखंडी आकड्यांभोवती शिसं ओतलं होतं, म्हणून त्यांचं काम टिकलं. मोठ्या शिकलेल्या माणसाचंही असं चुकतं. फरक एवढाच की त्यांनी चूक दुरुस्त करायला घेतली.

मग प्रश्न पडला, दगड धरायचा तरी कसा? जमिनीवर पडू द्यायचा नाही, सिमेंटात गाडायचा नाही, भोक पाडायचं नाही, चिकटवायचा नाही. मग काय हवेत ठेवायचा?

तेव्हा मला मुंबईतली एक गोष्ट आठवली. २०२४ मध्ये एका नातेवाइकाच्या दवाखान्याच्या कामानं मुंबईला गेलो होतो. दुपार मोकळी होती म्हणून छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात शिरलो. तिथं तेव्हा ग्रीस, रोम, इजिप्त, ॲसिरियाच्या मूर्ती आल्या होत्या, ब्रिटिश म्युझियम, बर्लिन आणि अमेरिकेतल्या गेटी म्युझियमकडून. शेजारी आपल्या मूर्ती. मी आपला वाकून वाकून बघत होतो. एका लहान मूर्तीच्या मागं डोकावलो तर बोटाएवढी धातूची पट्टी दिसली, दगडाच्याच रंगाची. समोरून काहीच दिसत नव्हतं. वाटत होतं, मूर्ती स्वतःच्या पायावर उभी आहे. तेव्हा ‘वा’ म्हटलं आणि विसरलो.

त्याच वर्षी १९ जुलैला साताऱ्याच्या संग्रहालयात वाघनखं आली, लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमकडून. पुढं ती नागपूरलाही गेली. ती महाराजांचीच आहेत का, यावर आम्ही सगळ्यांनी रकानेच्या रकाने भरले. लंडनचं म्युझियमही म्हणतं की ती अफझलखानाच्या वधावेळचीच आहेत हे सिद्ध करता येत नाही. ती चर्चा व्हायलाच हवी होती. पण एवढा प्रवास करणारी, जगाचं लक्ष असलेली वस्तू काचेच्या पेटीत धरायची कशी, ओरखडा न उठवता, न हलवता, हे काम कुणीतरी केलं असणार ना? त्यावर माझ्यासकट कुणी एक ओळ लिहिली नाही.

या आधाराला संग्रहालयवाले ‘माउंट’ म्हणतात आणि तो बनवणाऱ्याला माउंटमेकर. परदेशात हा स्वतंत्र पेशा आहे. आपल्याकडं शब्द शोधायचा तर सोनाराचं कोंदण जवळ येतं. फक्त कोंदण स्वतः मिरवतं आणि हा आधार लपतो.

दगड मोडल्यावर मी दोन-तीन जाणकारांना फोन करून, जमेल तेवढं वाचून हे काम समजून घेतलं. जे कळलं ते आपल्या भाषेत सांगतो.

पहिला नियम, वस्तू बदलायची नाही, आधार वस्तूप्रमाणं वळवायचा. हलक्या वस्तूंना बहुतेक वेळा पितळ वापरतात. पितळी सळई तापवून लाल केली की मऊ पडते, मग हातानं, पकडीनं हवी तशी वळते. आपल्या तांबटांना हे पिढ्यान् पिढ्या माहीत आहे. पोलाद लाल करून पाण्यात घातलं तर कडक होतं, पितळ-तांब्याचं उलट. सळईची टोकं झाळून एकत्र जोडतात, वस्तूच्या पाठीचा आकार घेतात आणि पुढं दोन-तीन बारीक नखं काढतात, ती वस्तूच्या कडेला हलकेच धरतात. आवळत नाहीत. वजन खालच्या टेकूवर असतं, नखं फक्त तोल सांभाळतात.

दुसरा नियम, धातू वस्तूला टेकता कामा नये. मधे मऊ थर हवा. आणि तोही कुठलाही चालत नाही. लोकरीच्या फेल्टमधून गंधक सुटतं, त्यानं चांदी काळी पडते.

तिसरा नियम, झाळायचं, वेल्डिंग करायचं काम वस्तूपासून लांब. वस्तू एका टेबलावर, भट्टी दुसरीकडं. शंभर वेळा माप लावून बघायचं, पण ठिणगी तिथं न्यायची नाही. आणि रंग दिल्यावर आधार काही दिवस उघडा वाळू द्यायचा, कारण बंद पेटीत रंगाची वाफ वस्तूला लागते.

चौथा नियम सगळ्यात महत्त्वाचा. जे केलं ते सोडवता आलं पाहिजे. उद्या कुणाला दगड हलवायचा असेल, तपासायचा असेल, त्याला दोन नट सोडून दगड सहीसलामत हातात घेता आला पाहिजे. कैरोच्या म्युझियममध्ये २०१४ साली तुतानखामेनच्या सोन्याच्या मुखवट्याची दाढी निघाली आणि कुणीतरी ती इपॉक्सीनं चिकटवली. जगभर छी-थू झाली. पुढं जर्मन तज्ज्ञाला बोलावून तो डिंक हळूहळू काढावा लागला आणि दाढी मधमाशीच्या मेणानं बसवली. मेण का? कारण ते पुन्हा काढता येतं.

आणि धक्क्याचाही विचार हवा. १९९३ च्या ३० सप्टेंबरची पहाट माझ्या वयाच्या कुणाला आठवत नाही? केंद्र किल्लारीला, पण आमच्या घरात फळीवरची भांडी खाली आली होती. मी तेव्हा शाळेत होतो. काचेच्या कपाटात नुसत्या ठेवलेल्या मूर्तीचं काय होईल त्या वेळी? कॅलिफोर्नियातलं गेटी म्युझियम भूकंपाच्या पट्ट्यात आहे, म्हणून त्यांनी हेच शास्त्र फार पुढं नेलंय. पुतळ्याची बैठकच अशी बनवतात की खालची जमीन सरकली तरी पुतळा सावकाश डोलतो, पडत नाही.

एवढं सगळं डोक्यात घेऊन मी आमच्या करकंबमधल्या एका फॅब्रिकेशनवाल्या मिस्त्रींकडं गेलो. उसाच्या ट्रॉल्या, गेट, पत्र्याचे शेड हे त्यांचं काम. नाव लिहू नका म्हणाले, म्हणून लिहीत नाही. मोबाइलवर फोटो दाखवले. त्यांनी शांतपणे बघितले आणि म्हणाले, “म्हणजे महालक्ष्म्यांचा स्टँडच की ओ, पत्रकार.”

मी बघतच राहिलो. भाद्रपदात दरवर्षी हा माणूस महालक्ष्म्यांचे लोखंडी स्टँड करतो. वर मुखवटा, हात अडकवायला कड्या, खाली घेर. वरून साडी नेसवली की स्टँड दिसतच नाही, दिसते ती घरी आलेली लेक. आणि पूजा झाली की सगळं सुटं करून माळ्यावर. मुखवट्याला ओरखडा नाही. आपल्या घराघरात हे शास्त्र आहे आणि मी ते मुंबईत शोधत होतो.

पण काम एवढं सोपंही नव्हतं. आधी परवानगी. शंभर वर्षांहून जुनी दगडी मूर्ती ही १९७२ च्या कायद्यानं पुरावस्तू आहे, तिची नोंद व्हावी लागते. जमिनीत सापडलेल्या वस्तूंसाठी तर १८७८ चा निखात निधी कायदा आजही लागू आहे, सापडल्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. म्हणून ग्रामपंचायतीमार्फत पुरातत्त्व खात्याला पत्र गेलं. खात्याचे एक अधिकारी येऊन पाहून गेले. चिकटवू नका, भोक पाडू नका, गावाबाहेर नेऊ नका, मंदिराच्या ओसरीत सावलीला ठेवा, असं सांगून गेले. मिस्त्रींनी ते शब्दशः पाळलं.

मग वजनाचा हिशेब. आपल्या काळ्या बेसाल्टचा एक घनफूट म्हणजे साधारण ८० किलो. दगड ३ फूट उंच, दीड फूट रुंद, ६ इंच जाड. म्हणजे सव्वादोन घनफूट, जवळपास १८० किलो. यात पितळ चालणार नाही. साधं लोखंड ओसरीतल्या दमट हवेत गंजणार. म्हणून स्टेनलेस स्टील.

दगडाचे तुकडे दोन. मिस्त्रींचा पहिला विचार असा की खालच्या तुकड्यावर वरचा ठेवू आणि मागून पट्टी मारू. मी जाणकारांना विचारलं. ते म्हणाले, नको, मोडलेली कड कच्ची असते, वरचं सगळं ओझं तिच्यावर आलं तर ती पुन्हा झडेल. वरच्या तुकड्याला स्वतःचा टेकू द्या. मिस्त्रींनी डोकं खाजवलं, दोन दिवस काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी बाइंडिंग तार घेऊन आले. ती दगडाच्या पाठीवर दाबून दाबून खाचखळग्यांचा आकार घेतला, पुठ्ठ्यावर उतरवला. मग मागून एक उभा कणा, त्याला दोन आडव्या फळ्या. खालची फळी खालच्या तुकड्याला, वरची वरच्याला. मधे पेन्सिलीएवढी फट. समोरून बघितलं तर दगड सलग वाटतो, पण एकाचं ओझं दुसऱ्यावर नाही.

एक चूक झालीच. मऊ थर म्हणून मिस्त्रींनी सायकलची ट्यूब कापून लावली होती. मला वाटलं, काय डोकं लावलंय! फोनवर सांगितलं तर पलीकडून उत्तर आलं, रबर आधी काढा. जुनं झालं की ते चिकट होतं, दगडाला काळा डाग पाडतं, गंधकही सोडतं. मग जाड पॉलिइथिलीनच्या पट्ट्या आणून लावल्या. मिस्त्री कुरकुरले नाहीत. “दगड आपल्यापेक्षा म्हातारा हाय, त्याला जे मानवतं ते द्यायचं,” एवढंच म्हणाले.

बसवायच्या दिवशी चेन ब्लॉक, गोणपाट आणि आठ माणसं. त्यात कट्टा बांधणारी तीन पोरंही होती, आता त्यांची लग्नं झालीत. वेल्डिंगचं एकही काम ओसरीत केलं नाही, सगळं दुकानातून करून आणलं. जागेवर फक्त नट आवळायचे. संध्याकाळी दगड उभा राहिला. ऑइल पेंट अजून तसाच आहे, तो काढणं हे शिकलेल्या माणसाचं काम, आम्ही हात लावला नाही. शेजारच्या एक आजी आल्या, हळद-कुंकू वाहायला निघाल्या. मिस्त्रींनी हात जोडून सांगितलं, “आजी, पायाशी ठेवा, अंगाला नको.” त्यांनी ऐकलं.

मटेरियल चार हजारांच्या आत बसलं. मजुरी मिस्त्रींनी घेतली नाही. जुन्या कट्ट्याला यापेक्षा जास्त खर्च आला होता.

आता हे सगळं इथं का लिहितोय?

आपला जिल्हा दगडांच्या बाबतीत श्रीमंत आहे. दक्षिण सोलापुरात हत्तरसंग कुडलला शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८ चा मराठी शिलालेख आहे. शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात तेरला रामलिंगप्पा लामतुरे यांनी हयातभर गोळा केलेल्या वस्तूंतून संग्रहालय उभं राहिलं. त्यांच्या संग्रहातली लहानशी हस्तिदंती बाहुली जगभरच्या अभ्यासकांना ठाऊक आहे. आणि आपल्या पंढरपुरात मे २०२४ च्या अखेरीस विठ्ठल मंदिराच्या जतनाचं काम चालू असताना तळघर सापडलं, त्यातून जुन्या मूर्ती, पादुका बाहेर आल्या. वस्तू सापडली की आम्ही पत्रकार धावतो, पहिल्या पानावर फोटो येतो. पण ती पुढं कुठं राहते, कशावर उभी राहते, कोण धरतं, हे कुणी विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं.

रस्ते रुंद होतायत, मंदिरांचे जीर्णोद्धार होतायत, फरशा बसतायत. चांगलं आहे. पण प्रत्येक ठिकाणी जुन्या दगडासाठी आपल्याकडं दोनच उपाय आहेत, एक तर उकिरडा, नाहीतर सिमेंट. तिसरा उपाय आहे आणि तो गावातल्या वेल्डिंगच्या दुकानात आहे. फक्त त्याला जाणकार माणसाची जोड हवी. पुरातत्त्व खात्यानं तालुक्याला एक दिवसाचं शिबिर घेतलं, आयटीआयच्या वेल्डर-फिटरच्या पोरांना आणि मिस्त्रींना बोलावलं, तर किती दगड वाचतील? ही मागणी मी लेखी पाठवली आहे. सरपंच, सदस्य, पंचायत समितीचे लोक हे वाचत असतील तर त्यांनीही पाठवावी, एकट्या पत्रकाराच्या कागदाला वजन नसतं.

तोवर एवढं करा. आपल्या गावात वीरगळ, सतीशिळा, जुनी मूर्ती असेल तर चारी बाजूंनी फोटो काढा, लांबी-रुंदी मोजा, कुठं आहे ते लिहा आणि ग्रामपंचायतीमार्फत खात्याला कळवा. रंग लावू नका. ॲसिडनं धुऊ नका. आणि कुणी सिमेंटचं पोतं घेऊन निघालं असेल तर त्याला थांबवा, पण रागावू नका. त्याच्या मनात प्रेमच असतं, हे मी स्वतः पाहिलंय. त्याला घेऊन मिस्त्रींच्या दुकानात जा.

पेपरात चूक झाली की दुसऱ्या दिवशी कोपऱ्यात ‘दुरुस्ती’ छापतात. माझ्या त्या तीन कॉलमी बातमीची दुरुस्ती छापायची राहून गेली होती. ती ही.